जुन्या दोन टबांच्या वॉशिंग मशीनमधून पाणी जात नसेल तर

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या दशकात घेतलेली दोन टबांची सेमी-ऑटोमॅटिक मशिने अजून बऱ्याच घरांत चालू आहेत. कुठे बाल्कनीत, कुठे गच्चीवर, कुठे मागच्या पडवीत. मोटार ठणठणीत असते, टायमर कुरकुरत का होईना फिरतो, आणि तरीही मशीन भंगारात जाते ते पाणी निघत नाही म्हणून. खरे तर या मशीनमधली पाणी सोडण्याची व्यवस्था अगदी साधी आहे: एक रबर, एक स्प्रिंग, एक पट्टी आणि एक पाइप. बिघाड नेमका कुठे आहे हे हेरता आले, तर दुरुस्ती बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासाची असते.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की लक्षात ठेवा. या मशिनींत पंप नसतो. टबातले पाणी स्वतःच्या वजनाने खाली जाते, कोणी ते ढकलत नाही. त्यामुळे पाइपची उंची, त्यातली हवा आणि मोरीचा उतार यांना इथे मोटारीइतकेच महत्त्व आहे. नव्या ऑटोमॅटिक मशीनची सवय असलेला माणूस जुन्या मशीनचा पाइपही तसाच उंच अडकवतो, आणि मग मेकॅनिकला फोन करतो.

पाणी कुठून कुठे जाते

धुण्याच्या टबाच्या तळाशी पल्सेटरजवळ, म्हणजे कपडे घुसळणाऱ्या फिरत्या चकतीजवळ, भोकांची जाळी असते. जाळीतून पाणी खाली एका प्लास्टिकच्या डबीत येते. ही वॉल्व्हची डबी बहुतेक मॉडेलांत मागच्या बाजूने, दोन्ही टबांच्या खाली दिसते. डबीत रबराचा घडीदार वॉल्व्ह असतो. दुकानात त्याला कोणी ड्रेन सील म्हणतात, कोणी बेलो. स्प्रिंग त्याला खाली दाबून धरते, म्हणून पाणी टबात थांबते. पॅनेलवरचे बटण ‘ड्रेन’कडे फिरवले की आतली पट्टी वर खेचली जाते, तिच्याबरोबर वॉल्व्हही उचलला जातो आणि पाण्याला वाट मिळते. काही मॉडेलांत ड्रेनचे वेगळे बटण नसते. ‘जंटल’ आणि ‘स्ट्राँग’ ज्या बटणावर असते, त्यावरच ड्रेन ही तिसरी जागा असते.

वॉल्व्हच्या पुढे, म्हणजे पाणी बाहेर पडायच्या बाजूला, आणखी दोन वाटा येऊन मिळतात. एक ओव्हरफ्लोची, जी टबाच्या भिंतीवरच्या उंच जाळीपासून खाली उतरते. दुसरी स्पिनच्या टबाकडून येणारी. या तिन्हींचे पाणी मग एकाच जाड पाइपातून मोरीकडे जाते. हा संगम नीट समजून घ्या, पुढचे निदान त्यावरच उभे आहे.

आधी मशीनबाहेर पाहा

पेचकस हातात घेण्याआधी एक बादली घ्या. साधारण १५ लिटर पाणी एका दमात मोरीत ओता. पाणी तुंबले तर बिघाड मशीनचा नाहीच. मोरीची जाळी उचलून केस आणि साबणाचा गाळ काढा. पावसाळ्यात तळमजल्यावर बाहेरचे चेंबर भरलेले असते, तेही बघून घ्या.

मग पाइप तपासा. मशीनच्या बाजूला पाइप अडकवायला एक आकडा असतो. तो ठेवण्यासाठी आहे, पाणी सोडताना पाइप त्यावर असून चालत नाही. हे वाचताना हसू येईल, पण पाणी जात नाही अशा तक्रारींचे हे एक नेहमीचे कारण आहे.

पाइप जमिनीवर असला, तरी वाटेत कुठे चढतो का ते पाहा. उंबरठा, न्हाणीघराची कड, मोरीचा कट्टा अशा जागा असतात. नियम सरळ आहे: पाइपचा सर्वांत उंच भाग टबाच्या तळापेक्षा खालीच हवा. तो टबाच्या तळापेक्षा ५ सेंटिमीटर वर असेल, तर टबात साधारण तेवढेच पाणी उभे राहील, मग वॉल्व्ह कितीही नवा टाका. डोळ्यांनी अंदाज येत नसेल तर गवंडी वापरतात तशी पारदर्शक लेव्हलची नळी घ्या. तीत पाणी भरा, एक टोक टबाच्या बाहेरून तळाच्या उंचीला धरा आणि दुसरे पाइपच्या चढाजवळ. मोरीची कड फोडता येत नसेल तर मशीन उंच करा. त्यासाठी चारही पाय नीट धरणारा लोखंडी स्टँड घ्या. विटा ठेवू नका. स्पिन सुरू झाला की मशीन थरथरते, आणि विटांवरून सरकलेले मशीन पाइपही ओढते आणि वायरही.

पाइपचे टोक पाण्यात बुडालेले नसावे. टोक भरलेल्या बादलीत किंवा तुंबलेल्या मोरीत असले की पाइपातल्या हवेला बाहेर पडायला जागा उरत नाही. पाणी मग गटकन थोडे जाते, थांबते, पुन्हा थोडे जाते. टोक मोरीच्या जाळीवर मोकळे टेकवा.

लांबीचेही तसेच. कंपनीचा पाइप छोटा असतो. तो वाढवून खोलीच्या पलीकडे नेला की पाणी संथ होते. ३ मीटरपर्यंत जमिनीला उतार असेल तर चालून जाते, त्यापुढे त्रास नक्की. त्याहून वाईट म्हणजे जाड पाइपला बागेचा अर्ध्या इंचाचा पाइप जोडणे. एक इंचाचा पाइप अर्ध्या इंचावर आणला की पाण्याची वाट निम्मी होत नाही, ती चौथाईवर येते. जोडायचाच असेल तर त्याच जाडीचा पाइप घ्या आणि जोड बाहेरून बसवा, आतली वाट अरुंद करणारा तुकडा वापरू नका.

पाइप काढून एकदा धुऊन घ्या. त्याच्या घड्यांमध्ये कपड्यांचे तंतू आणि साबणाचा चिकट थर बसतो. नळाच्या जोराखाली उलट बाजूने पाणी सोडा. दोरीला फडके बांधून आतून दोन-तीनदा ओढले तर आणखी स्वच्छ होतो. लोखंडी सळी घालू नका, वीस-पंचवीस वर्षांचा पाइप घडीवर लगेच फाटतो. धुताना पाइप ताणून उजेडात धरा. उंदरांनी कुरतडलेली बारीक भोके आणि घडीतल्या चिरा अशाच दिसतात. मशीनखाली पाणी साचण्याचे कारण कधीकधी एवढेच असते.

स्पिनचे झाकण उघडा आणि आत बघा

बाहेर सगळे ठीक असूनही पाणी जात नसेल, तर मशीन उघडण्याआधी ही तपासणी करा. स्पिनच्या टबात काही नको. धुण्याच्या टबात अर्ध्यापर्यंत पाणी भरा, बटण ड्रेनवर फिरवा आणि स्पिनच्या टबात टॉर्चने बघा.

स्पिनच्या टबात पाणी चढू लागले, तर वॉल्व्ह उघडतो आहे हे सिद्ध झाले. पाणी संगमापर्यंत येते आहे आणि पुढे वाट नाही म्हणून स्पिनकडे वळते आहे. दोष बाहेरच्या पाइपात, त्याच्या उंचीत किंवा मोरीत आहे. वॉल्व्हला हातही लावू नका. काही मॉडेलांत स्पिनच्या वाटेवर उलटे पाणी अडवणारी छोटी झडप असते. तिथे पाणी चढणार नाही, म्हणून तुमच्या मशीनला ती आहे का ते मागून एकदा पाहून घ्या.

स्पिनचा टब कोरडा राहिला आणि पाइपातूनही पाणी येत नसेल, तर अडथळा संगमाच्या आधी आहे: तळाची जाळी, वॉल्व्हची डबी, वॉल्व्ह स्वतः किंवा पट्टी.

धुण्याचे पाणी झकास निघून जाते, पण कपडे पिळताना स्पिनच्या टबात पाणी साचते, तर दोष स्पिनपासून संगमापर्यंतच्या छोट्या नळीत आहे.

पाणी जाते पण फार हळू, ही तक्रार मोजून पाहा. टब नेहमीच्या खुणेपर्यंत भरा आणि घड्याळ लावा. ३० ते ३५ लिटरचा टब दोन-तीन मिनिटांत रिकामा व्हायला हवा. पाइप आणि मोरी स्वच्छ असताना लागलेला वेळ मशीनच्या आत पेन्सिलने लिहून ठेवा. पुढच्या वेळी तो वाढला तर कुठेतरी गाळ बसू लागला आहे हे आधीच कळेल.

जाळी आणि पल्सेटर

हे काम वरून होते, त्यामुळे वॉल्व्हच्या आधी करून टाका. प्लग काढा आणि पाणी मगाने उपसा. पल्सेटर मधोमध एका स्क्रूवर बसलेला असतो. स्क्रू काढल्यावर तो सरळ वर उचला. घट्ट बसला असेल तर दोन्ही बाजूंनी एकदम, जाड दोरीने किंवा वाकवलेल्या तारेच्या आकड्यांनी ओढा. एकाच बाजूने पेचकस घालून उचकटला तर कड तुटते. खाली हूक, सेफ्टी पिना, नाणी, तांदळाचे दाणे, गुटख्याच्या पुडीचे कोपरे सापडतील. शेतावरचे कपडे धुतले जात असतील तर बारीक वाळूही. वाळू वरवर निरुपद्रवी दिसते, पण वॉल्व्हच्या रबराची कड झिजवते ती हीच.

पल्सेटर बसवताना स्क्रू हाताने बसेल तेवढाच आवळा आणि तो हाताने गोल फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहा.

वॉल्व्ह उघडणे

लागणारे सामान थोडके आहे: चौफुलीचा आणि चपटा पेचकस, पक्कड, टॉर्च, जुना टूथब्रश, उथळ परात आणि दोन फडकी. शक्य असेल तर सोबतीला आणखी एक माणूस घ्या.

१. प्लग सॉकेटमधून काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांतल्या वायरिंगमध्ये कधीकधी बटणावर न्यूट्रल तुटतो आणि फेज तसाच राहतो. मागचे झाकण उघडल्यावर मोटारीजवळ गोल किंवा चौकोनी कपॅसिटर दिसतील. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली राहू शकते, त्यांच्या टोकांना हात लावू नका.

२. टबातले पाणी उपसा, पाइप खाली सोडून उरलेले जाऊ द्या. मशीन आडवे करू नका. उरलेले पाणी थेट मोटारीवर जाते.

३. मागच्या झाकणाचे स्क्रू काढा. गंजलेले असतील तर तेलाचा थेंब सोडून दहा मिनिटे थांबा. झाकण निघाले की आधी मोबाइलने फोटो घ्या: पट्टी कुठून कशी जाते, नळ्या कशा बसल्या आहेत. जोडताना या फोटोची फार मदत होते.

४. दुसऱ्या माणसाला बटण ‘वॉश’वरून ‘ड्रेन’वर आणि परत फिरवायला सांगा, तुम्ही पट्टीकडे बघा. वॉल्व्हचा दांडा साधारण एक ते दीड सेंटिमीटर उचलला जायला हवा. उचलला जात नसेल तर दोष पट्टीत किंवा बटणात आहे. मग डबी न उघडता सरळ पुढच्या भागाकडे जा.

५. दांडा नीट हलतो आणि तरी पाणी जात नाही, तर डबी उघडा. खाली परात ठेवा. पट्टीचा आकडा दांड्यातून सोडवा. डबीचे टोपण घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. बहुतेकांना आटे असतात, काहींना पाव फेऱ्याची खाच. निघत नसेल तर कढत नव्हे, सोसवेल इतक्या गरम पाण्यात भिजवलेले फडके टोपणाभोवती दोन मिनिटे गुंडाळा. पकडीने जोर काढू नका. इतकी वर्षे साबणाचे पाणी आणि उन्हाळे खाल्लेले प्लास्टिक ठिसूळ झालेले असते.

६. टोपण, स्प्रिंग, दांडा आणि रबर एकत्र बाहेर येतील. ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने फडक्यावर मांडा.

७. डबीत बोट घाला. राखाडी, बुळबुळीत गाळ निघेल. न विरघळलेली साबणाची पावडर, तंतू आणि पाण्यातला चुना यांचा तो लगदा असतो. थंड पाण्यात पावडर टाकून लगेच कपडे टाकले की हा गाळ जास्त जमतो. पावडर आधी मगभर पाण्यात विरघळवली तर निम्मा त्रास वाचतो. ब्रशने डबी साफ करा. रबर ज्या गोल कडेवर बसते ती कड बोटाच्या टोकाने पूर्ण फिरून चाचपा. खडबडीत लागली तर चुन्याचा थर आहे. तो व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापडाने मऊ करून काढा. सुरी किंवा ब्लेडने खरवडू नका, एका ओरखड्यावरून पाणी कायम झिरपत राहते.

८. रबर तपासा. कडेला खोल वळ पडला आहे का, घडीत चीर आहे का, दाबून सोडल्यावर ते पटकन उघडते का. कडक झालेले रबर धुऊन सुधारत नाही, बदलायचे. स्प्रिंग गंजून बारीक झाली असेल किंवा एखादा वेढा तुटला असेल तर तीही बदला. जुनी स्प्रिंग ताणून लांब करायची युक्ती बरेच जण करतात. ती महिनाभर चालते आणि मग पुन्हा ढिली पडते.

९. परत बसवताना रबराला खोबरेल तेल, ग्रीस, व्हॅसलीन यांपैकी काही लावू नका. त्यांनी रबर फुगते किंवा मऊ पडते. फारच कोरडे वाटले तर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात पुरे. टोपण हातानेच आवळा.

१०. मागचे झाकण लावण्याआधी, प्लग काढलेलाच ठेवून, टबात दोन बादल्या पाणी ओता. दहा मिनिटे थांबा. पाइपच्या टोकातून थेंब पडतो का, डबीच्या टोपणाभोवती ओल येते का ते पाहा. मग बटण ड्रेनवर फिरवा आणि पाणी जाऊ द्या. हे दोनदा केल्यावरच स्क्रू लावा.

पट्टी आणि बटण

पट्टी नायलॉनची असते आणि वर्षानुवर्षे ताणून ती लांब होते. बटण फिरते, पट्टी हलते, पण ढिलाईतच सगळा ओढ संपतो आणि वॉल्व्ह जेमतेम उचलला जातो. पाणी हळू जाण्याचे हे एक लपलेले कारण. बटण ‘वॉश’वर असताना पट्टीत थोडी सैल जागा हवी, साधारण ३ ते ५ मिलिमीटर. याहून जास्त असेल तर पट्टीवरचे पुढचे भोक वापरा. काही पट्ट्यांना दोन-तीन भोके त्यासाठीच दिलेली असतात. भोके नसतील तर पट्टी बदला. तातडीची सोय म्हणून प्लास्टिकच्या झिप टायने आकडा आणि दांडा जोडता येतो. सुतळी किंवा सुती दोरी नको. ती ओली राहून कुजते.

पट्टी जागची हलतच नसेल तर बटण ओढून काढा. आतला दांडा एका बाजूने चपटा असतो आणि बटणाचे भोकही तसेच. भोक फुटले की बटण नुसतेच फिरते. दांडा कपड्यात गुंडाळून पकडीने हलकेच फिरवा. पट्टी हलली तर फक्त बटण बदलायचे आहे. इतक्या किरकोळ कारणावरून मशीन विकायला काढलेली माणसे आहेत.

पाणी टबात थांबतच नाही

हा उलटा दोष, पण वॉल्व्हचाच. कपडे धुताना पाइपातून संततधार चालू असते. मशीन उघडण्याआधी एक उपाय करून पाहा: टब तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भरा आणि बटण ड्रेन-वॉश, ड्रेन-वॉश असे पाच-सहा वेळा झटपट फिरवा. रबराखाली अडकलेला केस, धागा किंवा वाळूचा कण पाण्याच्या झोताबरोबर निघून जातो. पुष्कळदा इथेच काम होते.

नाही झाले तर प्लग काढून मागचे झाकण उघडा, पट्टी दांड्यातून सोडवा आणि पुन्हा पाणी भरा. गळती थांबली, तर पट्टी जास्त घट्ट आहे आणि वॉल्व्हला पुरते बसू देत नाही. गळती तशीच राहिली, तर रबर, स्प्रिंग किंवा बसायची कड यांच्यात दोष आहे. वॉल्व्ह उघडूनच पाहावे लागेल.

टब काठोकाठ भरल्यावर पाणी ओव्हरफ्लोच्या जाळीतून जाण्याऐवजी बाहेर सांडत असेल तर ती उभी जाळी बोटाने दाबून सरकवून काढा आणि आतला तंतूंचा गोळा ओढून टाका. वरून मगभर पाणी ओतून ते मोरीकडे जाते आहे याची खात्री करा. याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

स्पिनचे पाणी

स्पिनच्या भांड्याला भोके असतात आणि ते दुसऱ्या बंद भांड्यात फिरते. पिळलेले पाणी बाहेरच्या भांड्यात पडते आणि तळाच्या तोंडातून संगमाकडे जाते. ते तोंड बंद झाले की बाहेरच्या भांड्यात पाणी साचते, आतले भांडे त्या पाण्यात घासत फिरते, वेग पकडत नाही आणि मोटार नुसती गुणगुणत राहते. बरेच जण इथे कपॅसिटर बदलतात. आधी पाणी साचले आहे का ते टॉर्चने बघा.

तोंड बंद करणारी वस्तू बहुधा मोजा, रुमाल किंवा लहान मुलाची चड्डी असते. कपड्यांवर ठेवायची प्लास्टिकची जाळीदार चकती बऱ्याच घरांतून केव्हाच हरवलेली असते, आणि मग छोटे कपडे फिरताना वर येऊन दोन भांड्यांच्या फटीतून खाली जातात. प्लग काढा. आतले भांडे हाताने सावकाश फिरवत फटीत टॉर्च मारा. जाड तारेचे टोक गोल वळवून, टोकदार न ठेवता, कपडा अडकवून वर ओढा. पोचत नसेल तर मागून स्पिनची छोटी नळी सोडवा आणि नळाच्या पाइपने खालून उलटे पाणी सोडा. पाण्याने कपडा सुटतो आणि वर येतो. उलटे पाणी सोडताना मोटारीवर प्लास्टिक झाका.

धुण्याचे पाणी सोडत असताना त्याच वेळी स्पिन चालवू नका. दोन्ही पाणी एकाच पाइपात येतात आणि स्पिनचे मागे पडते. साबण जास्त झाल्यावर फेसाचेही असेच होते. फेस हलका असतो, तो उतारावरून जातच नाही, भांड्यात फुगून राहतो. स्पिन थांबवा, गार पाणी मगभर ओता, पाच मिनिटे थांबा. पुढच्या वेळी कपडे आधी एकदा साध्या पाण्यात खंगाळून मगच पिळायला टाका.

स्पिनच्या मोटारीवर वरून थेंब पडताना दिसले तर गोष्ट वेगळी. भांड्याचा दांडा जिथून खाली उतरतो तिथले स्पिन सील गेले आहे. मशीन तेव्हाच बंद करा, पाणी मोटारीत गेले की शॉक बसू शकतो. सील बदलायला दांड्याचे कपलिंग सोडवून आतले भांडे उचलावे लागते. कपलिंगचे बोल्ट बहुधा गंजलेले असतात आणि तिथेच ब्रेकही असतो. पहिल्यांदा मशीन उघडणाऱ्याने हे काम मेकॅनिककडे द्यावे, एवढेच आमचे मत.

बोअरच्या पाण्याचा थर

बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत पांढरा चुना डबीपासून पाइपापर्यंत सगळीकडे बसतो. टबात २० लिटर कोमट पाणी घ्या. ५० अंशांच्या वर नको, जुना प्लास्टिकचा टब वाकतो. त्यात १५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाका. किराणा दुकानात ते लिंबूसत्त्व किंवा लिंबाचे फूल म्हणून मिळते. पल्सेटर पाच मिनिटे चालवा, तासभर तसेच ठेवा, मग सोडून द्या आणि साध्या पाण्याने दोनदा धुवा. सुटलेल्या चुन्याच्या पापड्या जाळीत अडकतात, म्हणून नंतर जाळी पुन्हा पाहा. वर्षातून दोन-तीनदा एवढे केले तर पुरे.

संडास धुण्याचे ॲसिड वापरू नका, ते दांडा आणि स्क्रू खाऊन टाकते. सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

पंपवाल्या जुन्या मशीनचे नियम वेगळे

नव्वदच्या दशकातली आयएफबीसारखी पुढून उघडणारी मशिनेही आता जुनी झाली. त्यांत पाणी पंप बाहेर टाकतो, म्हणून तिथे पाइप उंच हवा, सहसा ६० ते १०० सेंटिमीटर. तो जमिनीवर सोडला तर भरता भरताच पाणी आपोआप ओढले जाऊन निघून जाते. पाणी अडकले तर खाली पुढच्या बाजूला गोल झाकणाचा फिल्टर असतो. परात लावून झाकण हळूहळू सोडा, पाणी आले की पुन्हा आवळा, परात रिकामी करा, असे करत जा. आत पंपाचा पंखा बोटाने फिरवा. तो अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरला तर घाबरू नका, चुंबकामुळे तसाच फिरतो. पंप गुणगुणतो पण पाणी जात नाही, तर पंख्यात काही अडकले आहे. अजिबात आवाज नसेल, तर प्लग काढून, पंपाच्या वायरी सोडवून कॉइलचा रोध मोजा. तो साधारण १०० ते २०० ओहम असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर पंप जळाला.

पार्ट आणताना

व्हिडिओकॉन ही औरंगाबादची कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशा जुन्या नावांचे अस्सल पार्ट शोधण्यात दिवस घालवू नका. ड्रेन सील, स्प्रिंग, पट्टी आणि पाइप हे सगळे बाजारात बिननावाचे मिळते, दर्जाही बरा असतो. जुना भाग धुऊन, पुसून पिशवीत घेऊन जा आणि दुकानात शेजारी ठेवून ताडून पाहा. रबराच्या खालच्या कडेचा व्यास, न दाबलेली उंची आणि दांड्याच्या आकड्याचा आकार या तीन गोष्टी जुळायला हव्यात. व्यास दोन मिलिमीटरने कमी असला तरी गळेल. उंची जास्त असली तर टोपण बसणार नाही, आणि जोर लावून बसवले तर फुटेल. दोन रबरे घ्या, एक झिप पिशवीत घालून उन्हापासून लांब ठेवा.

वॉल्व्हची डबीच चिरली असेल तर चिकटवण्याच्या फंदात पडू नका. हे प्लास्टिक बहुतेक पॉलिप्रोपिलीन असते आणि त्याला फेव्हिक्विक, एम-सील नीट धरत नाहीत. दोन धुण्यांत चीर पुन्हा उघडते आणि पाणी मोटारीच्या दिशेने जाते. चीर आहे का हे पाहायला डबी बाहेरून कोरडी पुसा, वर्तमानपत्राचा कागद खाली लावा आणि टब भरून अर्धा तास ठेवा. ओल टोपणाच्या कडेने आली तर टोपण किंवा रबर. डबीच्या भिंतीवरून आली तर चीर. डबी टबाला जोडूनच बनवलेली असेल तर टबच बदलावा लागतो, आणि तो बहुधा दुसऱ्या बंद पडलेल्या मशीनमधूनच मिळतो. भंगारवाल्याकडे असे मशीन सापडले तर नुसता टब घेऊन येऊ नका. त्याचे वॉल्व्हचे टोपण, पट्टी, बटण आणि स्पिनची जाळीदार चकतीही काढून घ्या.